कडता

वसमतच्या त्या निवासी प्रशिक्षणात पहिल्या दिवशी
मॅडम म्हणाल्या, ओळख द्या, पण एखादी वस्तू होऊन.
गंगासागर बोधनकर म्हणाली, मी रक्त काढायची सुई.
नऊ वर्षं लॅबमध्ये, शीर कधी हुकली नाही.
समरीन शेख म्हणाली, शिलाई मशीनची बॉबिन.
देविदास आधी मोबाईलचे चार्जर विकायचा,
तो म्हणाला, मेणबत्ती,
आणि टाळ्या त्यालाच पडल्या.

माझी पाळी आली तेव्हा मी तळहात पाहिले.
अकरा हंगाम इथल्याच मोंढ्यात मापाडी होतो.
हळद नखांच्या मुळाशी बसते.
तीन साबणं झिजली, निघंना.
काटा म्हणावं तर लोक भलताच अर्थ काढतील.
'वजन' म्हणालो. हसले. बसलो खाली.

दुसऱ्या दिवशी मूल्यमापन.
पडद्यावर बाण, चौकोन, सातत्यपूर्ण, सर्वंकष.
लाइट गेली की प्रोजेक्टर झोपायचा,
मग आम्हीही.
पुस्तिकेच्या समासात मी पेन्सिलीनं लिहिलं:
ओल्या मालाला कडता धरतात.
रात्रीचं भांडण ऐकून, न जेवता आलेल्या लेकराला
किती धरायचा, आणि कुणाच्या बाजूनं?
पान उलटलं. पुढं पुन्हा बाण.

तिसऱ्या दिवशी सराव पाठ. जिल्हा परिषदेची शाळा, तिसरीचा वर्ग.
चिठ्ठीत विषय निघाला: वजन.
आईशपथ, मी मागितला नव्हता.
तीन रंगांत लिहिलेलं टाचण टेबलावरच राहिलं.
एकेक दप्तर उचललं, डोळे मिटून सांगितलं:
सव्वातीन किलो. हे दोन सातशे.
पोरं ताणकाट्याला टांगायची आन् ओरडायची, बरोब्बर!

मग मागून एक लेकरू उठलं.
"सर, तुमी मोंढ्यातले ना?
आमच्या पोत्यामागं दोन किलो तुमीच कापले का?"

वर्ग गप्प.
खिडकीशी बसलेल्या मॅडमचं पेन थांबलं.
अध्ययन निष्पत्तीत ह्या प्रश्नाला रकाना नव्हता.
मी म्हणालो, हो.
मग म्हणालो, ये, फळ्यावर मांडू.
किती पोती होती?
सदतीस.
त्यानं मांडलं. सात दुणे चौदा, हातचा एक,
खडू इतका दाबून की तुटला.
चौऱ्याहत्तर.
तो आकडा पुसायला कुणीच उठलं नाही, मीही नाही.

निरीक्षण पत्रकात मॅडमनी लिहिलं:
विद्यार्थ्यांचा सहभाग उत्तम.
वेळेचं नियोजन कमी पडलं.

रात्री जिन्यात नागोरावचा फोन.
मागं हमालांचा गलका, पोती पडल्याचा आवाज.
"काय मास्तर, भाव काय निघाला?"
महिना सोळा हजार, म्हणालो, पहिली तीन वर्षं.
"कडता धरून का?"

हसलो. फोन ठेवला.
व्हरांड्यात समरीन उद्याच्या पाठासाठी
चिंध्यांचं कासव शिवत होती.
गंगासागर तिला सुईत दोरा ओवून देत होती.
मी तिथंच पायरीवर बसून
चौऱ्याहत्तर किलो पुन्हा एकदा ताडून पाहिले.
त्या लेकराचं नाव
विचारायचंच राहिलं.