चुलीमागे एक मत

पांझरेच्या या बंधाऱ्यावर मी पाटकरी, बापानंतर.
पाणी कुणाच्या बांधाला किती वाजता पोचेल
ते झोपेतही सांगतो.
मत मात्र नाही. वावर नाही, म्हणून.
मोजणी तेवढी माझ्याकडे.

मधल्या फडात यंदा काय पेरायचं, एवढाच प्रश्न होता.
एका फडात एकच पीक, हे आजोबांच्याही आधीपासूनचं.
हिलाल भदाणे म्हणाला, बिघ्याला एक मत धरा.
"मन्हा अकरा बिघा, अन् हात एकच?"
कोकिळाबाई सुपारी कातरत होती, मान वर न करता म्हणाली,
"तहान काय बिघा मोजीसन लागस?"
मग ठरलं, चूल तिथे मत.
बावीस चुली. मी वहीत लिहिल्या.

दुसऱ्या दिवशी पहाटे पाटावरून बघतो
तर सुपडू खैरनारच्या घरातून धुराच्या तीन रेघा.
तिघे भाऊ एका रात्रीत वेगळे.
चुलींची माती ओलीच होती,
थोरल्या सुनेच्या कोपरापर्यंत लागलेली.
मी बावीस खोडले, चोवीस केले.

हात वर झाले. ऊस नऊ, गहू आठ, हरभरा सात.
ऊसवाले धोतर झटकत उठलेसुद्धा.
"बसा," कोकिळाबाईची नात म्हणाली, धुळ्याला शिकते ती,
"नऊंना हवा, पंधरांचं काय?
दोन-दोन पिकांची कुस्ती लावा."
लावली.
उसानं गव्हाला पाडलं, सोळा-आठ.
गव्हानं हरभऱ्याला, सतरा-सात.
म्हणजे ऊसच की, हिलाल म्हणाला.
राहिलेली जोड मी उगाच लावली, वही पुरी व्हावी म्हणून.
हरभऱ्यानं उसाला पाडलं.
पंधरा-नऊ.

ओट्यावर कुणी बोलेना.
मी तीनदा मोजलं. बोटं चुकली नव्हती,
माणसंही नव्हती.
नियमच बदला, मागून कुणी म्हणालं.
कसा? मत घेऊन.
कुठल्या नियमानं?
धुडकूअण्णा हसायला लागले ते खोकल्यावरच थांबले.

तोवर सांडव्यावरून पाणी चाललं होतं खाली,
कुणाच्याच पाळीत नसलेलं.
हिलाल माझ्याकडे वळला,
"तुले वावर नही, तूच सांग."
मी म्हटलं, मला विचारायचं का
याचं आधी मत घ्या.
सगळे हसले. घेतलं कुणीच नाही.

शेवटी हरभरा. ठरला असं नाही.
भिकननं पांभर जुंपली, मग त्याच्या शेजाऱ्यानं,
आणि एका फडात एकच पीक.
वहीचं ते पान कोरंच आहे.

सुपडूकडे चुली अजून तीनच.
एकीवर डाळ, एकीवर भाकरी,
तिसरी बहुतेक दिवस थंड.
रात्रीचं पाणी फिरवून परतताना दिसतं,
त्यांची म्हातारी उलथन्यावर निखारा धरून
एका चुलीकडून दुसरीकडे चाललेली,
पदरानं वारा अडवत.
तिचं नाव
मी कुठल्याच चुलीखाली लिहिलेलं नाही.