वार

चौथ्यांदा उलटली मर्सी.
एकविसाव्या दिवशी टापसुबेईंचा फोन,
"किबिवॉत, ती पुन्हा कुंपणाला अंग घासतेय."

कपसाबेतपासून नऊ किलोमीटर तांबडा चढ,
दोन्हीकडे चहा. मोटारसायकलला बांधलेला
नायट्रोजनचा डबा, त्यात बारा कांड्या:
कॅनडातल्या कुठल्याशा बैलाची
थिजून बसलेली, अजून न झालेली पोरं.

टापसुबेई गाय धरत नाहीत, तिच्याशी बोलतात.
सोट काचेसारखा हवा.
आज त्यात पांढरे धागे.
हातमोजा खांद्यापर्यंत. मी डोळे मिटतो,
आत डोळ्यांचं काही काम नसतं.
ऊब, आधी शेणाची, मग तिची.
गर्भाशयाचं तोंड कोंबडीच्या मानेसारखं बोटांत येतं.
डावं शिंग मऊ, लगेच हाती लागतं.
उजवं लागत नाही.
म्हणजे लागतं, पण बीजांडासकट
एका गोळ्यात चिकटलेलं, हलता हलत नाही.

दोन वर्षांपूर्वी. हाच गोठा. तिचं दुसरं वेत,
वार अडकलेली, तिसरा दिवस,
वास पार रस्त्यापर्यंत.
ओढून काढ, सगळे म्हणाले,
शेजारी, दीर, चर्चचे पाळकसुद्धा.
मी ओढली. एकेक गाठ सोडवत,
जशी झोपलेल्या मुलाच्या शर्टाची बटणं.
निळी बादली भरली.
मग मुरसिकचा तुंबा आला, कोळशाच्या वासाचं आंबट दूध.
मी दोनदा मागून प्यालो.

पुढच्या वर्षी एल्डोरेटच्या प्रशिक्षणात
एक डॉक्टरीणबाई म्हणाल्या: वार ओढू नका.
ताप असेल तर औषध, नाहीतर थांबा.
मी वहीत लिहून घेतलं. खाली दोन रेघा मारल्या.
मागे वळून कुणाच्याच गोठ्यात गेलो नाही.

हात बाहेर काढतो. धुतो,
कोपरापासून खाली, बराच वेळ.
खालच्या वळणावर डेअरीच्या गाडीचा भोंगा.
मर्सीचं दूध सहा लिटरवर आलंय.
भाकड गायीला खाटीक काय देतो
ते टापसुबेईंना माझ्याहून चांगलं ठाऊक.

"या खेपेला राहील ना?"

डब्याच्या तोंडाशी पांढरी वाफ.
कांडीचे पैसे त्यांच्या मुठीत, घडी घातलेले.
मी झाकण लावतो.
"जरा बसा," म्हणतो.

त्या बसत नाहीत.
निळी बादली उपडी घालून
माझ्याकडे सरकवतात.