भरती

आमच्या समुद्राला भरती नसते, ओहोटीही नाही.
असलीच तर वीतभर,
बातुमीच्या धक्क्यावरच्या शेवाळाला कळावी इतकी.
चढणं-उतरणं सगळं इथं होतं, दुसऱ्या मजल्यावर,
गळक्या एसीखालच्या माझ्या टेबलावर.

दोन वर्षांपूर्वीही हीच यादी होती.
एकशे बारा नावं. पुढं हुद्दा, फोन, बुटाचं माप.
भाडी कोसळली होती, जहाजं रिकाम्या पोटी
नांगर टाकून उभी होती खाडीबाहेर,
आणि साहेब म्हणाले, नातेला, तुझा आवाज मऊ आहे,
तूच कर फोन.
केले.
"पुढचं कळवू" हे दोन शब्द
एकशे बारा वेळा उच्चारले की
त्यांना गुळगुळीत गोट्यासारखा आकार येतो,
जिभेखाली ठेवता येतात.

आता भाडी वधारलीत.
हाम्बुर्गचा मेल: शुक्रवारपर्यंत चाळीस माणसं.
सारंग चार, ऑइलर नऊ,
सेकंड इंजिनियर मिळतील तितके.
पगार जुनाच. करार सहाऐवजी नऊ महिन्यांचा.
वय पंचेचाळीसच्या आत.

जिन्यावर पोरं बसलीत, अकादमीतून ताजी,
इस्त्रीच्या घड्या दंडावर तशाच,
सर्टिफिकिटं प्लॅस्टिकच्या पाकिटात.
अनुभव दोन वर्षांचा हवा, मी सांगते.
कुठल्या दोन वर्षांचा? एकानं विचारलं.
उद्धटपणे नाही. खरंच विचारलं त्यानं.

मी यादी उघडते.
मालखाझचा नंबर आता कुणा दंतवैद्याचा आहे.
आवथांदिल पोलंडमध्ये ट्रक चालवतो,
म्हणतो, इथं झोप आली की बाजूला थांबता येतं.
वाझाच्या घरी इरमानं उचलला.
"तुम्हीच ना त्या? मऊ आवाजाच्या?"
हो म्हटलं.
"मग थांबा."
रिसीव्हर टेबलावर ठेवल्याचा आवाज.
मग नळ, मग एक मूल सातचा पाढा म्हणतंय,
सात सक्कं पाशी अडतंय, पुन्हा पहिल्यापासून.
नऊ मिनिटं. कुणी आलं नाही.
मीही ठेवला नाही.

जुंबेर सारंग भट्टीवर असतो, बाजारामागं.
होडीच्या आकाराचा पाव करतो आमच्याकडचा,
आत चीज, मधोमध अंडं, वर लोण्याचा गोळा.
"रोज साठ होड्या सोडतो विस्तवात," फोनवर हसला,
"अजून एकही बुडाली नाही. सांग तुझ्या साहेबांना."
सांगते, म्हटलं.
मागं कुणीतरी सुट्टे पैसे मागत होतं.
त्यानं त्यांना दिले, मला कळलं, नाणी वाजली.
मग बराच वेळ काही नाही.
मग: "कुठलं जहाज?"

संध्याकाळी आला.
नखांत पीठ, भुवया भाजून अर्ध्या झालेल्या.
बुटाचं माप बदल म्हणाला, बेचाळीस नाही आता, त्रेचाळीस,
उभं राहून राहून पाय पसरले.
मी बदललं.
वरच्या रकान्यात वय: सेहेचाळीस.
त्यानंही वाचलं ते, उलटं,
टेबलाच्या त्या बाजूनं.
चौतीस दिवसांपूर्वी झालेत, म्हणाला,
जणू उशीर झाल्याबद्दल माफी मागतोय.

गोटा जिभेखाली तयारच होता.
गिळला.
हाम्बुर्गचा नंबर फिरवला. तिथं साडेतीनच वाजलेत,
कुणीतरी असेल.
रिंग जातेय.
जुंबेर खिडकीशी उभा, बंदराकडं पाठ करून.
त्यानं आणलेला पाव कागदात तसाच आहे,
आणि लोणी सुटून, कागद ओलांडून
यादीवर उतरतंय,
नावांवरून हुद्द्यांवर,
हुद्द्यांवरून फोन नंबरांवर.
मी यादी बाजूला सरकवत नाही.