३.४ अंश

वाल्पाराईसोच्या टेकड्यांवर सरळ असं फारसं काही नसतं.
जिने नागमोडी, पत्र्याची घरं एकमेकांच्या खांद्यावर रेललेली,
कुत्रीसुद्धा उतारावर तिरकी झोपतात.
आणि मला पगार मिळतो तो
नगरपालिकेच्या तळघरात बसून
कागद सरळ करण्याचा.

काच पुसायची. कागद पालथा. झाकण.
उजेडाची पट्टी सरकत जाते
आणि पडद्यावर येतं ते जरासं कललेलं:
कधी माझ्या हाताने,
कधी ज्याने ते डिंकाने चिकटवलं त्याच्या,
कधी फोटो काढणाऱ्याचा एक पाय वरच्या पायरीवर होता म्हणून.
मी बटण दाबते.
यंत्र सर्वांत लांब रेघ शोधतं
आणि तिला वळण लावतं.
कोपऱ्यांत पांढरे त्रिकोण उरतात, तेही छाटून टाकतं.

दिवसाला चारशे.
एलेओदोरो शेजारच्या टेबलावरून म्हणतो,
यास्ना, उद्या आपल्याला जिने सरळ करायला देतील.

सोमवारच्या खोक्यात एक अर्ज निघाला, भूकंपानंतरचा.
ओतिलिया कात्रिलेओ, धंदा कपडे धुणे.
प्रत्येक ओळ डावीकडून निघून वर वर चढत गेलेली,
पाण्याची बादली घेऊन घरी जावं तशी.
खाली लाल शाईत शेरा: पाहणी केली. घर राहण्याजोगे आहे.
यंत्राने ओळी आडव्या केल्या.
शिक्का कलंडला, शेरा घसरला,
बाई मात्र सपाट जमिनीवर आली,
जिथे ती बहुधा कधीच राहिली नव्हती.

मग अर्जाला टाचलेला फोटो.
यंत्राला भिंत सापडली. ३.४ अंश.
डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच भिंत ताठ.
छान दिसत होतं घर, खोटं कशाला बोलू,
चुना मारावा आणि राहायला जावं.
आता ते शेऱ्याशी तंतोतंत जुळत होतं.
फक्त मागचा समुद्र एका बाजूला ओतल्यासारखा,
दारातली ओतिलिया पडायच्या बेतात,
आणि उजव्या काठाशी एक दोरी,
तिरकी, वर कशालाच न बांधलेली,
तिच्या टोकाला शिशाचा गोळा
वाऱ्याशिवाय झुललेला.

मी मागे गेले. मूळ प्रत उघडली.
छाटलेल्या कोपऱ्यात एक हात होता.
बाही दुमडलेली, अंगठ्याचं नख काळं.
कुणी गवंडी असेल, शेजारचा,
श्वास रोखून धरलेला त्याने ओळंबा.
अख्ख्या फोटोत सरळ अशी ती एकच गोष्ट.

कलदुरुस्तीच्या रकान्यात मी शून्य लिहिलं.
एलेओदोरो वाकून बघत म्हणाला, हे वाकडंच राहिलं की.
हो, म्हटलं.

पुढचा कागद पालथा घातला.
काच अजून कोमट होती.