गरहूदमधलं घर

एजंट किचन दाखवत होता,
ओटा विती टाकून मोजत.
मकरंद भाड्याचे चेक मोजत होता: चार की सहा.
मी खिडकीतून रस्ता बघत होते.
शाळेच्या बसला वळायला जागा,
आणि दोन्हीकडे चक्क कडुनिंब.

मुक्ता खाली जाऊन आली.
"आई, प्रत्येक झाडाला
काळी नळी लावलीय. सलाईनसारखी."
"पाणी असतं ते."
"आणि बंद केलं तर?"

एजंटनं घड्याळात पाहिलं.
मकरंदनं माझ्याकडे.

आतल्या दाराच्या चौकटीवर
आधीच्या कुणी पेन्सिलनं
मुलांची उंची लिहिलेली.
शेवटची रेघ माझ्या खांद्याशी.
त्याच्या वर
नुसता पांढरा रंग.

"घेऊन टाकू," मी म्हटलं,
"पाडव्याला पाला तरी मिळेल."