प्रतवारी

पत्र पोरीच्या इस्पितळातून आलं, दीड पान.
शब्दकोश न उघडता वाचायचं ठरवलं
आणि वाचलं की!
नऊ वर्षांपूर्वी याच टेबलाशी
विजेचं बिल वाचायला अख्खा रविवार गेला होता.

फिनिश शब्द मी मासा साफ करावा तसा वाचते.
आधी शेपटीकडची विभक्ती कापायची,
मग खवले, मग हाताला काटा लागतो.
ओठ हलतात. आतला आवाज माझा नसतो,
संध्याकाळच्या वर्गातल्या पाइवी बाईंचा असतो,
चूक झाली की जरासा खोकणारा.

कास्वाइन.
याची ओळख नव्हती, घराणं मात्र माहीत होतं.
कास्वी म्हणजे रोप, कास्वोत म्हणजे चेहरा.
होनकायोकीच्या काचघरात रोज आठ तास
मी याच्या भावंडांत वावरते.
तर हे काहीतरी वाढणारं.
आणि त्याच्या आधीचा तो लांबलचक शब्द,
तो तर जवळजवळ खोक्यावरचाच:
वाईट प्रतीचं.
असे टोमॅटो मी करड्या क्रेटमध्ये टाकते.

अर्थ लागला तशी मी हसले.
खरंच हसले, एकटीच,
कोडं सुटल्यावर हसतात तशी.

कॉफीचं भांडं विसळताना उरलेलं जुळवलं.
डाव्या बाजूला. सतरा मिलिमीटर.
सतरा मी तिग्रिन्यात मोजले,
आकडे मला अजून तिकडचेच लागतात,
आणि हात पाण्यात तसेच राहिले.

आमच्याकडे या दुखण्याला नाव आहे.
केरेनला शेजारच्या अब्रेहेतला झालं तेव्हा
बायका ते शालीचं टोक तोंडाशी धरून बोलायच्या.
आई तर बोलायचीच नाही,
नुसती दाराकडे बघायची.
मी ते अजून मनातसुद्धा म्हटलेलं नाही.
जिभेच्या मुळाशी आहे. गिळवत नाही.

कागदावर मात्र बघा कसं बसलंय,
दोन्हीकडे समास सोडून,
खाली फोन नंबर, वेळ आठ ते तीन.

रात्री बहिणीचा फोन आला.
लेतेब्रहान, पत्रात काय लिहिलंय गं?
टोमॅटोचं काहीतरी, म्हटलं.

तीन दिवस झाले. फिनिशमध्ये मी आजारी आहे.
सोमवारी नऊ चाळीसला जायचंय, दुसरा मजला,
तेवढं दोनदा वाचलंय.
सतरा पुन्हा म्हणून बघते, त्यांच्या भाषेत,
सेइत्सेमॅन्तोइस्ता.
एका दमात येत नाही.