दोन प्रती

येमुल मास्तरांची वही,
पानं टॉवेलसारखी जाड झालेली, रंग पिऊन पिऊन.
अर्धी तेलुगूत, अर्धी आकड्यांत.
एकेक पान मी फोनवर टिपलं,
डाय-हाऊसच्या सगळ्यांच्या फोल्डरात टाकलं,
वर एक पेनड्राइव्ह, भावजयीच्या तांदळाच्या डब्यात.
अक्कलकोट रोडला सुताजवळ राहायचं
म्हणजे ठिणगीचा हिशेब धरावाच लागतो.

मास्तर म्हणाले, ठेव की.
पण मीठ पाणी बघून.
उजनीचं निराळं, बोअरचं निराळं.
मी लिहिलं: पाणी बघून.
त्याच रात्री, त्याच ओळीत,
रात्रपाळीच्या अंबादासनं लिहिलं: साठ ग्रॅम.
नेट गेलेलं होतं दोघांचं.

सकाळी एकाच नावाच्या दोन फाइली.
कुठली ठेवू, विचारतंय.

मास्तरांना दाखवलं.
चष्मा कपाळावर, नळाखाली तळवा,
एक थेंब जिभेवर.
मागे हायड्रो गरगरतोय, मरून पाणी गटारीला.
"आज बासष्ट."
आणि गेले चहाला.

आता ते भिवंडीला, लेकाकडे.
फोल्डरवर रोज हिरवी खूण येते,
सगळं जागच्या जागी आहे म्हणते.
दोन्ही प्रती ठेवल्यात मी.
बासष्ट कुठंच नाही.

परवा नवी पोरगी आली, गड्डमांची.
पासवर्ड मागत होती.
आधी नळावर नेलं तिला.
तोंड वाकडं करून म्हणाली, खारट.
म्हटलं,
किती?